फ्रीजच्या कपाटाचा इतिहास

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी "काहीतरी इतिहासावर लिहा" असं संपादक मंडळाने सांगितलं. सोसायटीची नोंदणी, बोअरचं पाणी, लिफ्टचा वाद, कन्व्हेयन्स यांवर इतर सभासद लिहिणार आहेत. मी बरीच वर्षे खजिनदार होतो आणि नोकरीही बँकेत केली, त्यामुळे माझ्याकडून हिशेबाचा इतिहास अपेक्षित असणार. पण हिशेब दरवर्षी ऑडिट होऊन वार्षिक सभेत मंजूर झालेले आहेत. कागदावर कुठेच न आलेला एक इतिहास मात्र माझ्याकडे शिल्लक आहे. तो आपल्या स्वयंपाकघरातल्या फ्रीजच्या कपाटाचा.

आपल्या २४ फ्लॅटपैकी ११ घरांत हे कपाट झालं. मधल्या काळात काही फ्लॅट विकले गेले, नवी मंडळी राहायला आली. त्यांतल्या एका तरुण सभासदाने परवा जिन्यात गाठून विचारलं, "काका, फ्रीजच्या कपाटाला खाली-वर ही जाळी कशाला बसवलीय? धूळ येते नुसती. बंद करून टाकू का?" मी त्यांना "अजिबात नको" एवढंच सांगितलं. का नको, हे उभ्याउभ्या सांगण्यासारखं नव्हतं. ते इथे लिहितो.

जाळीचं कपाट आणि बर्फाची लादी

माझं बालपण राजारामपुरीतच गेलं. छत्रपती राजाराम महाराजांच्या नावाची ही वसाहत. गल्ल्यांना नावं नाहीत, नंबर आहेत, आणि पलीकडे उद्यमनगरात दिवसभर लेथ आणि भट्ट्या चालू. आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो. फ्रीज हा शब्द घरात नव्हता. आजीचं जाळीचं कपाट होतं. त्याचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत, म्हणजे मुंग्या चढत नाहीत. दूध म्हशीचं, दोन वेळा ताजं यायचं, तापवून जाळीत ठेवायचं. वारं लागलं नाही तर दूध नासतं, एवढं आजीला पक्कं ठाऊक होतं. शाळेत न गेलेल्या बाईने कपाटाला जाळी मागून घेतली होती. पदवीधर नातवाने पुढे काय केलं ते येईलच.

लग्नकार्य असलं की बर्फाची लादी यायची. गोणपाटात गुंडाळलेली, वर लाकडाचा भुसा. ती फोडायला आम्ही पोरं टपलेलो असायचो. हा भुसा आणि गोणपाट म्हणजे फार जुनी युक्ती आहे. यंत्राचा बर्फ येण्यापूर्वी हिंदुस्थानात बर्फ अमेरिकेतून जहाजाने यायचा. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या व्यापाऱ्याने गोठलेल्या तळ्यांवरचा बर्फ कापून, भुशात दाबून, १८३३ साली कलकत्त्याला पाठवला. चार महिन्यांच्या प्रवासात बराचसा वितळला, तरी उरलेला विकला गेला. मग मुंबई आणि मद्रासलाही हा बर्फ येऊ लागला आणि तो साठवायला बर्फघरं बांधली गेली. मद्रासचं बर्फघर आजही समुद्रकिनारी उभं आहे. स्वामी विवेकानंद १८९७ साली तिथे राहिले होते, म्हणून आता ते त्यांच्या नावाने ओळखलं जातं.

या सगळ्या इतिहासातून आपल्या मनात एक गोष्ट घट्ट बसली. थंडी टिकवायची तर झाकून ठेवा, फट ठेवू नका. बर्फाच्या बाबतीत हे शंभर टक्के खरं आहे. फ्रीजच्या बाबतीत अर्धंच खरं आहे, आणि त्या उरलेल्या अर्ध्याने आपल्या सोसायटीतल्या लोकांचे पैसे घालवले.

यंत्र आलं

फ्रीज थंडी तयार करत नाही. आतली उष्णता उचलून तो बाहेर टाकतो. विहिरीतून पाणी शेंदून बाहेर ओतावं तसं. आत एक द्रव नळीत उकळतो आणि उकळताना आतली उष्णता शोषून घेतो. त्याची वाफ कंप्रेसर दाबतो, दाबली की ती तापते. ती गरम वाफ बाहेरच्या नळ्यांत थंड होऊन पुन्हा द्रव होते आणि हे चक्र चालू राहतं. या तत्त्वावरच्या यंत्राचं पेटंट जेकब पर्किन्स यांनी १८३४ साली लंडनमध्ये घेतलं. गंमत बघा, बर्फाची जहाजं हिंदुस्थानाकडे यायला नुकती लागली होती आणि त्यांचा धंदा बुडवणारी कल्पना तेव्हाच कागदावर आली होती.

बाहेरच्या त्या नळ्यांना कंडेन्सर म्हणतात. आतली उष्णता अधिक कंप्रेसरने खाल्लेली वीज, ही सगळी बेरीज शेवटी उष्णता होऊन कंडेन्सरमधून आणि कंप्रेसरच्या अंगावरून स्वयंपाकघरात येते. बँकेच्या भाषेत सांगायचं तर आत जेवढी वजाबाकी, त्यापेक्षा बाहेरची जमा नेहमी जास्त. ही जमा उचलून न्यायला वारा लागतो. वारा नसेल तर नळ्या तापतात, वाफेचं पाणी नीट होत नाही, कंप्रेसर जास्त दाब लावतो, जास्त वेळ चालतो आणि स्वतःच आणखी तापतो.

सुरुवातीच्या लोकांना हे डोळ्यांसमोर दिसत होतं. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकने १९२७ साली जो प्रसिद्ध फ्रीज काढला, त्याचं सगळं यंत्र डोक्यावर टोपीसारखं उघडं होतं. गरम हवा वरच्या वर निघून जायची. दिसायला चांगलं नाही म्हणून पुढे यंत्र खाली आणि नळ्या मागे गेल्या. आपल्याकडे गोदरेजने १९५८ साली फ्रीज बनवायला सुरुवात केली. तेव्हापासून आपल्या पिढीने पाहिलेला फ्रीज म्हणजे मागे काळी जाळी असलेला.

आमच्या घरी तो १९८३ साली आला. १६५ लिटरचा, बँकेच्या कर्जावर. तो स्वयंपाकघरात नव्हे, हॉलमध्ये ठेवला. त्या काळी सगळेच तसं करायचे. वर क्रोशाचं कव्हर, त्यावर फुलदाणी, बाजूला स्टॅबिलायझरचा डबा. पाहुण्यांना दिसावा हा हेतू. पण त्या मिरवण्यात फ्रीजचं भलं होत होतं, कारण चारी बाजूंनी मोकळी हवा होती. तो फ्रीज सव्वीस वर्षं चालला. गॅस एकदाच भरावा लागला.

आपलं कपाट

२००० साली आपण सगळे या इमारतीत राहायला आलो. फ्लॅट म्हटल्यावर हॉलमध्ये फ्रीज बरा दिसेना. ओट्याच्या टोकाला, ड्राय बाल्कनीच्या खिडकीला लागून सव्वादोन फुटांची जागा होती. तिथे फ्रीज उभा करून भोवती कपाट करायचं, ही कल्पना माझी. कागदावर चित्र मीच काढलं. दोन्ही बाजूंना १९ मिलिमीटरचा प्लाय, वर डबे ठेवायला माळा, खाली नऊ इंचांचा ओटा करून त्यात कांदे-बटाट्यांचा ड्रॉवर, पुढच्या फटी झाकायला पट्ट्या, सगळ्याला सनमायका. सुतार मेस्त्री म्हणाले, "साहेब, असं पॅक करून देतो, झुरळ शिरायचं न्हाई." मला ते फार पटलं. एकाच वेळी जास्त घरांचं काम दिलं तर दर कमी पडेल, म्हणून मी जिन्याजिन्यात फिरून ऑर्डर गोळा केल्या. अकरा घरं तयार झाली. एस्टिमेटचा कागद अजून माझ्या फाइलमध्ये आहे, त्यावर माझी सही आहे.

सहा-सात वर्षं काहीच झालं नाही. कपाट छान म्हणून पाहुणे माप घेऊन गेले. ते का चाललं, हे मला नंतर कळलं. जुन्या फ्रीजची जाळी मागे होती आणि मागेच ड्राय बाल्कनीची खिडकी उघडी होती. गरम हवा वर चढून खिडकीतून निघून जात होती. आम्ही ठेवलेली वाट नव्हती ती, आयती मिळालेली होती.

मग तीन गोष्टी घडल्या. प्रत्येक गोष्ट शहाणपणाचीच होती.

पहिली, कबुतरांचा आणि पावसाच्या झडीचा त्रास म्हणून २००७ च्या सुमारास बहुतेकांनी ड्राय बाल्कनीला काचेच्या सरकत्या खिडक्या बसवल्या. मागची खिडकी आता वाईट दिसते म्हणून तिथे प्लाय ठोकला. सुरुवात मी केली.

दुसरी, फ्रीज बदलले. ताऱ्यांची पट्टी २००६ पासून आली होती, वीज वाचेल म्हणून लोकांनी नवे मोठे फ्रॉस्ट-फ्री फ्रीज घेतले. मी २००९ साली घेतला. जुन्यापेक्षा रुंद, त्यामुळे दोन्ही बाजूंना जेमतेम अर्धा इंच उरला. आणि बऱ्याच नव्या फ्रीजना मागे काळी जाळी नसते. पाठ गुळगुळीत असते. आम्हाला वाटलं, आता गरम होण्याची भानगडच नाही, भिंतीला चिकटवा. प्रत्यक्षात त्या नळ्या दोन्ही बाजूंच्या पत्र्याच्या आत लपवलेल्या असतात. म्हणजे जी बाजू आम्ही प्लायला लावून ठेवली, तीच श्वास घ्यायची बाजू होती.

तिसरी, व्होल्टेजच्या भीतीने स्टॅबिलायझर कपाटाच्या आतच वर ठेवला. तोही तापणारा डबा.

२०११ चा मे महिना

आधी खुणा झाल्या होत्या. फ्रीजमधून मधूनच "टक" असा आवाज यायचा आणि तो बंद पडायचा, थोड्या वेळाने पुन्हा "टक" आणि चालू. कंप्रेसर फार तापला की त्याचं संरक्षक बटण त्याला बंद करतं, निवला की पुन्हा सोडतं, तो हा आवाज. माळ्यावरच्या डब्यातलं तूप कायम पातळ असायचं. सनमायका फुगली. चार वर्षांत तीन घरांचे कंप्रेसर गेले. तळमजल्यावरच्या काकू श्रीखंड आणि चकलीची भाजणी करून विकायच्या, त्यांचा तर दोनदा गेला. दुसऱ्या वेळी त्यांनी भिशीचे पैसे घातले. मी त्यांना म्हणालो होतो, "काकू, आपल्याकडे व्होल्टेजच तसलं आहे." मी व्होल्टेजबद्दल दोन तक्रार अर्जही लिहून दिले. आम्ही कंपनीला नावं ठेवली, मेकॅनिकला ठेवली, विजेला ठेवली. कपाटाकडे कुणी बोट दाखवलं नाही, कारण ते आमचं होतं.

आमच्या सौ.ना मधुमेह आहे, इन्सुलिन चालू आहे. स्वस्त पडतं म्हणून तीन महिन्यांचा साठा मी एकदम आणायचो. त्या मे महिन्यात त्यांची साखर वाढत गेली. डॉक्टरांनी डोस वाढवला, पुन्हा वाढवला, तरी तीनशेच्या खाली येईना. त्या पथ्य मोडतात असं मला वाटायचं आणि मी ते बोलूनही दाखवलं. आंब्याचे दिवस होते. त्या म्हणायच्या, "मी एक फोडसुद्धा खाल्लेली नाही." आमच्यात त्यावरून दोन दिवस अबोला होता.

शेवटी डॉक्टरांनी विचारलं, "इन्सुलिन ठेवता कुठे?" मी ऐटीत म्हणालो, "फ्रीजमध्ये." ते म्हणाले, "फ्रीजमध्ये किती डिग्री असतं ते बघितलंय का?" मी घरी येऊन पाण्याच्या पेल्यात थर्मामीटर घालून त्या कप्प्यात ठेवला. पहाटे ९, दुपारी १९, संध्याकाळी २२. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ डिग्रीत ठेवायचं असतं. बाहेरच्या तापमानाला ते साधारण चार आठवडे चालतं, पुढे भरवसा नाही. आमच्या कुप्या दोन महिने तशा होत्या. डॉक्टरांनी सगळा साठा टाकायला लावला. नवीन आणला, शेजाऱ्यांच्या कपाटाबाहेरच्या फ्रीजमध्ये ठेवला, आणि साखर आठवड्याभरात उतरू लागली. सौ. मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

नाक

उद्यमनगरातून एका जुन्या मेकॅनिकला आणलं. त्याने फ्रीजला हात लावला नाही. आधी कपाटाला हात लावला. मग उदबत्ती मागितली. पेटवून खालच्या ड्रॉवरच्या फटीपाशी धरली. धूर सरळ वर गेला, आत ओढला गेला नाही. मग म्हणाला, "काका, ह्येला नाक कुठं ठेवलंय?"

माळ्याखाली, फ्रीजच्या डोक्यावर थर्मामीटर ठेवला तर ५२ डिग्री. फ्रीजच्या पाटीवर 'टी' असं अक्षर असतं. त्याचा अर्थ असा की बाहेर ४३ डिग्रीपर्यंत तो नीट काम करेल. कोल्हापुरात ४३ कशाला होतंय, म्हणून आपण निर्धास्त असतो. पण फ्रीजला कोल्हापूर दिसत नाही, त्याला कपाट दिसतं. आम्ही त्याला राजारामपुरीत आणून वाळवंटात उभं केलं होतं.

उपाय सोपा निघाला. गरम हवा हलकी असते, ती वर जायला बघते. तिला खालून थंड हवा आत यायची वाट आणि वरून बाहेर जायची वाट, अशा दोन्ही वाटा लागतात. एकच भोक पाडून उपयोग नाही. झाकण लावलेल्या बाटलीला बुडाशी भोक पाडल्यासारखं ते होतं. दोन्ही वाटा सारख्याच मोठ्या हव्यात. कपाटात बसवायच्या फ्रीजसाठी साधारण २०० चौरस सेंटिमीटर मोकळी जागा खाली आणि तेवढीच वर, असा दंडक आहे. उंदीर-झुरळांसाठी जाळी लावली की भोकाची निम्मी जागा जाळीच खाते, म्हणून भोक दुप्पट ठेवायचं. आम्ही कांदे-बटाट्यांचा ड्रॉवर काढला आणि तिथे २२ इंच रुंद, ३ इंच उंच जाळी बसवली. ओट्याची वरची फळी मागून कापली, म्हणजे हवा फ्रीजच्या पाठीशी पोचते. वरचा माळा मागून तीन इंच कापला, त्यामुळे भिंतीलगत धुराड्यासारखी वाट झाली. ती छताखाली जाळीतून उघडते. दोन्ही बाजूंचा प्लाय काढून फक्त पुढे उभ्या पट्ट्या ठेवल्या. स्टॅबिलायझर बाहेर भिंतीवर आला. काम एका दिवसाचं, पटाशी आणि करवतीचं.

पुन्हा उदबत्ती धरली. धूर आडवा होऊन जाळीतून आत गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी डोक्यावरचं तापमान ३७, आतल्या कप्प्यात ५. पुढच्या महिन्यांत बिलात पंचवीस-तीस युनिट कमी दिसले.

सप्टेंबरच्या वार्षिक सभेत "आयत्या वेळचे विषय" मध्ये मी उभा राहिलो आणि सांगितलं की, चित्र माझं होतं, व्होल्टेजचा दोष नव्हता, आणि अकराही कपाटं कापायचा खर्च मी देतो. सभा थोडा वेळ गप्प झाली. मग कुणीतरी म्हणालं, "साहेब, खिडक्या आम्हीच बंद केल्या की." खर्च प्रत्येकाने आपापला केला, मला देऊ दिला नाही. प्रोसीडिंगमध्ये यातलं काही नाही, कारण ठराव झाला नाही.

तळमजल्यावरच्या काकूंकडे मात्र मी वेगळा गेलो. दोन कंप्रेसरचे पैसे पाकिटात घेऊन गेलो होतो. त्यांनी पाकीट टेबलावरच ठेवू दिलं, उघडलं नाही, आणि म्हणाल्या, "भाऊजी, आता उघडं ठेवायचं का बंद, तेवढं एकदा नक्की सांगा." निघताना पाकीट माझ्या हातात परत आलं, सोबत पाव किलो श्रीखंड.

नव्या सभासदांसाठी

आता घरोघरी मॉड्युलर किचन होतंय आणि सोसायटीत रीडेव्हलपमेंटची भाषाही ऐकू येते. नवी स्वयंपाकघरं होतील, पुन्हा कपाटं होतील. म्हणून एवढं लक्षात ठेवा.

फ्रीज चालू असताना त्याच्या दोन्ही बाजूंना हात लावून बघा. जी बाजू गरम, तिथे जागा सोडा. किती सोडायची ते फ्रीजच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं, ती पुस्तिका सुतार मेस्त्रींच्या हातात द्या. फ्रीज बदलला की माप पुन्हा घ्या, जुन्या फ्रीजचं कपाट नव्याला चालेलच असं नाही. छोटा पंखा बसवणार असाल तर तो वर, हवा बाहेर फेकणारा बसवा. पण त्याच्या भरवशावर भोकं लहान करू नका. पंखा बंद पडला तर कुणाच्या लक्षात येत नाही. गरम हवा बंद बाल्कनीत सोडू नका, ती फिरून परत येते. हल्लीच्या बऱ्याच फ्रीजमध्ये आयसोब्युटेन हा गॅस असतो. ओझोनला त्रास नाही, पण तो पेट घेणारा आहे. प्रमाण थोडं असतं, तरी गळती झालीच तर तो साचू नये म्हणूनही वाट मोकळी हवी. आणि घरात इन्सुलिन असेल तर फ्रीजमध्ये थर्मामीटर ठेवा. माणसावर संशय घेण्याआधी त्याच्याकडे बघा.

अकरापैकी आठ कपाटं आज जाळीसकट चालू आहेत. वर्षातून दोनदा, पाडव्याला आणि दसऱ्याला, जाळीवरची धूळ ब्रशने काढायची असते. आमच्याकडे ते काम माझ्याकडे आहे. जिन्यात मला विचारणाऱ्या तरुण सभासदांना एवढीच विनंती, की जाळी बंद करू नका, ब्रश नसेल तर माझ्याकडून न्या.

— एक संस्थापक सभासद (निवृत्त बँक अधिकारी)